छतावरची नीळ

दसऱ्याच्या आगेमागे मोबाईलवर घरदुरुस्तीचे व्हिडिओ यायला लागतात. खिळ्याच्या भोकात टूथपेस्ट भरा, बोटाने सारखी करा, भोक दिसणार नाही. सैल स्क्रूच्या भोकात आगपेटीची काडी मोडून घाला, स्क्रू घट्ट बसेल. टाइलला ड्रिल मारण्याआधी चिकटपट्टीची फुली लावा, टाइल तडकणार नाही. करकरणाऱ्या बिजागरीला मेणबत्ती चोळा. सांगणारा माणूस हसतमुख असतो, त्याचे हात स्वच्छ असतात आणि त्याच्या घरात ओल कधीच नसते.

या युक्त्या खोट्या नाहीत. बहुतेक मी करून बघितल्या आहेत. टूथपेस्ट भोकात बसते आणि भोक दिसेनासं होतं. माझा राग त्या हसण्यावर आहे. घर दुरुस्त करणारा माणूस हसत नाही. तो स्टुलावर मान मोडून उभा असतो, त्याच्या डोळ्यांत चुना गेलेला असतो आणि खाली कुणीतरी त्याला तो पट्टा पुन्हा मारायला सांगत असतं.

वसईत हा हंगाम चुकत नाही. चार महिने भिंतींनी प्यायलेलं पाणी ऑक्टोबरच्या उन्हात बाहेर पडायला लागतं. समुद्र लांब नाही, हवा खारी आहे. भिंतींवर पांढरं पीठ फुटतं, बोट लावून जिभेवर ठेवलं तर ते खारट लागतं. रंगाचे पापुद्रे सुटतात आणि पंख्याच्या वाऱ्याने रात्रंदिवस फडफडत राहतात. मग प्रत्येक इमारतीत खरवडणं सुरू होतं. जिन्यात पॉलिश पेपरची खरखर, प्रायमरचा डोक्यात जाणारा वास, पायपुसण्यांवर भिंतीत भरायच्या लांबीची पांढरी धूळ. घराघरांत वर्षभर साठलेली भांडणं या पंधरा दिवसांत रंगाच्या छटेवरून होतात. इमारतीत कोण कोणाशी बोलत नाही हे याच दिवसांत उघड होतं, कारण वास जावा म्हणून सगळ्यांची दारं उघडी असतात.

आमची इमारत स्टेशनच्या पश्चिमेला आहे. चार मजली, लिफ्ट नसलेली. दुसऱ्या मजल्यावर मी आणि माझी पत्नी विद्या. आमच्या बरोबर खाली, पहिल्या मजल्यावर, परब. मूळचे मालवणकडचे, कारखान्यात फिटर होते, आता निवृत्त. घरातलं प्रत्येक काम ते स्वतः करायचे. नळाचा वॉशर, मिक्सरची वायर, चपलेचा अंगठा, टीव्हीची अँटेना. त्यांच्या दारातून प्लंबर, सुतार, रंगारी आत गेलेला कुणी पाहिला नव्हता. एकदा एक रंगारी चुकून त्यांची बेल वाजवून गेला, तर त्याला त्यांनी दारातच उभा करून ब्रश कसा धरावा हे शिकवलं.

आमचं वैर ओल्या कपड्यांवरून सुरू झालं. आमच्या दोरीवरच्या चादरी त्यांच्या ग्रिलवर टिपकायच्या. परबांनी सोसायटीच्या बोर्डावर चिठ्ठी लावली. मी तेव्हा वर्तमानपत्राच्या डेस्कवर होतो. मी त्या चिठ्ठीतल्या चुका लाल पेनाने दुरुस्त केल्या आणि ती होती तिथे परत लावली. चादरी टिपकत राहिल्या. त्यानंतर जिन्यात समोरासमोर आलो की आम्ही एकमेकांना वाट द्यायचो आणि तोंड भिंतीकडे करायचो. ते मला नावाने कधीच हाक मारायचे नाहीत. 'पेपरवाले' म्हणायचे.

आज ही आठवण लिहून काढायला कारण झालं आहे. ते शेवटी येईल.

आठ वर्षांपूर्वी, गणपतीच्या आधी, परब वर आले. दारात उभे राहिले. चपला काढल्या नाहीत, म्हणजे आत यायचं नव्हतं.

"तुमच्या मोरीतलं पाणी आमच्या हॉलमध्ये उतरतंय."

"कशावरून?"

"वर तुम्ही राहता त्याच्यावरून."

"वर आभाळही आहे."

"आभाळ तीन मजले सोडून माझ्याच हॉलात गळतं होय? पेपरात असलंच छापायचात?"

"पुरावा काय?"

"खाली या. दाखवतो."

"फोटो पाठवा," मी म्हणालो.

त्यांच्याकडे बटणांचा फोन होता. फोटो त्यांच्या मुलीने, शलाकाने, पाठवले. तीन फोटो. पांढऱ्या छतावर पिवळट डाग, कडेला तपकिरी रेघ, बशीएवढा. डाग कशाचाही असू शकतो, असं उत्तर मी पाठवलं.

मी खाली गेलो नाही. हे इथे स्पष्ट लिहायला हवं. तीस वर्षं मी इतरांच्या बातम्या तपासत आलो होतो आणि नव्या पोरांना पहिला प्रश्न हाच विचारायचो, की जागेवर गेला होतास का. जागा माझ्या पायाखाली दहा फुटांवर होती. जिन्याच्या अठरा पायऱ्या.

विद्या म्हणाली, "बघून तरी या. वहिनी चोवीस तास त्या छताखाली पडून असतात."

"गेलो की ते कबुली धरतील."

"कबुली? तुम्ही काय आरोपी आहात?"

"अजून नाही."

परबवहिनींना त्याआधी दोन वर्षं अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. उजवी बाजू गेली होती. बोलणं शाबूत होतं, फक्त सावकाश. त्यांना खाली न्यायचं तर खुर्चीत बसवून चौघांनी उचलावं लागे, म्हणून त्या खाली जातच नसत. हॉलमध्ये खिडकीजवळ त्यांचा पलंग होता. हवा येते म्हणून तिथे ठेवला होता. दिवसभर बघायला एक खिडकी, एक टीव्ही आणि एक छत. डाग सगळ्यात आधी त्यांनीच पाहिला होता. आधी रुपयाएवढा, मग वाटीएवढा, मग बशीएवढा.

आणि त्या वर्षी त्या घरात साखरपुडा ठरला होता. शलाकाचा, दिवाळीच्या आधीच्या रविवारी. मुलाकडच्यांनी हॉल घेऊ म्हणून सुचवलं होतं. परबांनी साफ नकार दिला. तिची आई जिथे आहे तिथेच होईल, म्हणाले. म्हणजे त्याच हॉलमध्ये, त्याच पलंगाच्या बाजूला, त्याच डागाखाली. मुलाची एक आत्या होती, ती घरं बघायला आली की आधी कोपरे बघते अशी तिची ख्याती होती. त्या रविवारपर्यंत छत पांढरं व्हायला हवं होतं. परबांना एवढंच हवं होतं.

गळती वरून थांबत नाही म्हटल्यावर त्यांनी खालून लढाई सुरू केली. डाग खरवडला. भेगेत ओल्या साबणाची वडी चोळून भरली. सिमेंटमध्ये पांढरा गोंद कालवून त्याचा लेप दिला. वर पाण्याला दाद न देणारा रंग, दोन हात. प्रत्येक युक्ती आपापल्या जागी बरोबर होती. पण पाणी अडवायचं तर जिथून येतं तिथे अडवावं लागतं, जिथे दिसतं तिथे नाही. हे परबांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. जिथून येत होतं तिथलं दार माझ्या ताब्यात होतं. त्यांचा रंग पाण्याने फुगायचा. छतावर फुगा धरायचा आणि वहिनी पलंगावरून आकार सांगायच्या. आज लिंबाएवढा. आज पेरूएवढा. मग परब स्टुलावर चढून टाचणीने फोडायचे आणि खाली शलाका वाटी धरायची.

या गोष्टी मला तेव्हा पाचूबंदरहून येणाऱ्या मासेवालीकडून कळायच्या. मथुराबाई. ती पहिल्या मजल्यावर बांगडे देऊन दुसऱ्या मजल्यावर यायची. पाटी उतरवताना विद्याशी बोलायची, पण ऐकायला मी हवा असायचो.

"पानी तुमच्याच मोरीचं हाय, बाय. सगल्या बिल्डिंगला म्हाईत हाय."

"तुला कोणी सांगितलं?" मी आतून विचारलं.

"सांगायला कोन पायजे? मी दोन्ही घरात जाते ना. तुम्ही एकाच घरात बसता."

नीळ ही परबांची कल्पना. घटस्थापनेनंतर ते पुन्हा आले. हातात कपड्यांच्या निळीची बाटली.

"ही तुमच्या मोरीत ओततो. खाली निळं आलं तर तुम्ही मोरी फोडायची. नाही आलं तर मी माफी लिहून बोर्डावर लावतो. चुका तुम्ही काढा."

विद्या हसली. मी हसलो नाही. मी अट घातली. मुदत हवी, लेखी हवं. तीन दिवस. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सहापर्यंत निळं आलं नाही तर गळती आमच्याकडची नाही, असं दोघांनी मान्य करायचं आणि खाली सह्या करायच्या. डेस्कवर आयुष्य काढलेल्या माणसाला मुदतीशिवाय विचारच करता येत नाही. जे वेळेत हाती आलं ते खरं. उशिरा आलं ते दुसऱ्या दिवशीचं काम. पाणी कुठल्याही छापखान्याची वेळ बघून चालत नाही, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

परबांनी मान्य केलं. उद्या सकाळी ओतू, म्हणाले.

त्या दिवशी दुपारी मी हार्डवेअरच्या दुकानात गेलो आणि व्हाईट सिमेंट आणलं. एका व्हिडिओत बघितलं होतं. टाइलचे सांधे खिळ्याने कोरायचे, जुन्या टूथब्रशने साफ करायचे, सिमेंट दह्यासारखं घट्ट कालवायचं, बोटाने दाबून भरायचं, वर ओलं फडकं फिरवायचं. मी गुडघ्यांवर बसून चार तास मोरीतला एकूण एक सांधा भरला. काम सफाईदार झालं. व्हिडिओतल्या माणसापेक्षा चांगलं.

विद्या दारात येऊन उभी राहिली. "आजच का?"

"सांधे काळे पडलेत."

"वर्षभर काळेच होते."

ती आत निघून गेली. पुढचे दोन दिवस ती माझ्याशी फक्त वस्तूंविषयी बोलली. मीठ, चावी, टॉवेल.

सकाळी परबांनी नीळ ओतली. वर चार बादल्या पाणी. सांध्यांकडे त्यांनी नक्कीच पाहिलं असणार. फिटर माणूस, त्याला कालचं सिमेंट आणि दहा वर्षांपूर्वीचं सिमेंट यातला फरक नखाने कळतो. त्यांनी बाटलीचं झाकण लावलं आणि ते खाली गेले. मोरी निळीशार झाली. विद्याच्या टाचा निळ्या झाल्या. दसऱ्याला ती त्याच टाचांनी सोनं वाटायला गेली, आणि प्रत्येक घरात तिला त्याचं कारण विचारलं गेलं.

तीन दिवसांत खाली निळं आलं नाही. तिसऱ्या दिवशी सहा वाजता परब वर आले. कागद मी आधीच स्वच्छ अक्षरात लिहून ठेवला होता. त्यांनी उभ्यानेच वाचला, सही केली, पेन माझ्या हातात न देता टेबलावर ठेवलं.

"सही दिलीय. पण ह्या दारात परत पाय ठेवचंय नाय," ते म्हणाले. चिडले की ते मालवणीत जायचे. "माफी बोर्डावर उद्या लागतली."

ती लागलीही. दोन ओळी. तिच्यात एकही चूक नव्हती. शलाकाकडून तपासून घेतली असावी.

त्या पंधरवड्याची हवा मला अजून आठवते. दुपारी फरशीवर पाय ठेवला तर तापलेली. खाली परबांच्या घरात पुन्हा खरवडणं सुरू होतं, आणि तो आवाज माझ्या खुर्चीच्या पायांमधून वर यायचा. मी त्या आवाजावरून सांगू शकत होतो, की आता जुना रंग निघतोय, आता लांबी भरली, आता सुकलेली लांबी घासतायत, आता रोलर. रोलरचा आवाज ओल्या चपलेसारखा असतो. एका माणसाने छत रंगवायचं आणि ज्याच्यामुळे ते बिघडलं त्याने वर बसून पेपर वाचायचा, अशी ती व्यवस्था होती. माझ्या खिशात सही केलेला कागद होता. मी निवांत होतो असं म्हणायला हवं, पण त्या दिवसांत मी मोरीत पाय टाकण्याआधी दर वेळी सांध्यांकडे बघायचो.

साखरपुड्याच्या तीन दिवस आधी शलाका वर आली.

"काका, रविवारी या. काकूंनाही घेऊन या."

"बाबांनी सांगितलंय?"

"नाही. त्यांना विचारलेलं नाही. आईने सांगितलंय. म्हणाली, त्यांना एकदा खाली घेऊन ये."

आम्ही गेलो. मी त्या घरात पहिल्यांदाच पाऊल ठेवत होतो. हॉल लहान, माणसं चाळीस. वहिनींच्या पलंगावर नवी चादर, त्यांना हिरवी साडी नेसवलेली, डोक्याखाली दोन उशा. छत पांढरंशुभ्र होतं. परबांनी असं काम केलं होतं की कुठून सुरुवात आणि कुठे शेवट हे कळत नव्हतं. आत्याबाई कोपरे बघून झाल्या आणि त्यांना बोलायला काही सापडलं नाही. परब धोतर नेसून दारात उभे होते. मी आत येताना त्यांनी मला ओलांडून मागच्या माणसाला नमस्कार केला.

अंगठी हातात आली. शलाकाच्या चुलतभावाने मोबाईल वर धरला आणि सगळ्यांना जवळ सरकायला सांगितलं. तेवढ्यात वहिनींचा आवाज आला. सावकाश, नेहमीच्या बोलण्यासारखा.

"अहो. निळं आलं."

सगळ्यांनी वर पाहिलं. त्याच क्षणी फोटो निघाला.

पांढऱ्या छतावर, पलंगाच्या बरोबर वर, बोराएवढा निळा ठिपका होता. बघता बघता त्याची कड ओलसर झाली. माझ्या सिमेंटने तीन दिवस निभावलं होतं, तीन आठवडे नाही. लादीखालच्या विटांच्या भरावात मुरलेली नीळ आपल्या सवडीने उतरली होती.

"हे कसलं निळं?" आत्याबाईंनी विचारलं.

खोलीत फक्त पाचसहा माणसांना हे कसलं निळं ते माहीत होतं. परबांनी वर पाहिलं. खूप वेळ नाही. मग मुलाकडे वळले.

"नवा रंग आहे, सुकतोय अजून. अंगठी घाला."

अंगठी घातली गेली. टाळ्या झाल्या. मी दाराकडे निघालो, तर परबांनी वाट अडवली. त्यांच्या हातात बुंदीचं ताट होतं.

"बसा," ते म्हणाले. "जेवून जा."

मी बसलो आणि जेवलो. इतकं अवघड जेवण मी दुसरं जेवलेलो नाही.

तो फोटो नंतर त्यांच्या हॉलमध्ये लागला. त्यात चाळीस माणसं छताकडे बघत आहेत. दोघे सोडून. मी फरशीकडे बघतोय. आणि वहिनी माझ्याकडे बघतायत.

त्यानंतर मी लगेच मोरी फोडली. गवंडी आणला, जुन्या लाद्या काढल्या, भराव उपसला, जाळीखाली नवा ट्रॅप बसवला, पाणी साठवून आठवडाभर परीक्षा घेतली, सगळं रीतसर. आम्ही पंधरा दिवस शेजारच्यांच्या घरी आंघोळी केल्या. गळती थांबली. परबांचा एक शब्द नाही, माझाही नाही. त्या थंडीत त्यांच्या खिडकीतून एक पारदर्शक नळी बाहेर सोडलेली दिसायची. एसी घेतला असावा असं मी विद्याला म्हणालो. थंडीत एसी कशाला, असं ती म्हणाली, आणि तो विषय तिथेच राहिला.

पुढच्या पावसाआधी वहिनी गेल्या. मी भेटायला गेलो, चटईवर बसलो, खाली बघत राहिलो आणि उठून आलो. पण उठताना नजर गेलीच. छतावर निळा डाग होता आणि त्याच्याभोवती लाकडाची चौकट.

मथुराबाईने तपशील दिला. "आगाशी गावावरून सागाची पट्टी आनली त्यानी. चारी कोपरे कसे जुळवलेत बघा जाऊन. कोन आला नि विचारलं ना, की सांगतात, ती वरच्या साहेबांची सही हाय."

दर दसऱ्याला परब सगळं घर रंगवत आले आणि चौकटीच्या आतला भाग सोडत आले. आठ वर्षं. घराघरांच्या दारांना तोरण लागायचं, जिन्यात प्रायमरचा वास यायचा आणि मी पहिल्या मजल्यावरून जाताना पावलं भरभर टाकायचो.

हे सगळं मला पाठ होतं. इतके दिवस मी ते असंच, याच क्रमाने सांगत आलो होतो. गळती नाकारली हे खरं, सांधे भरले हेही खरं, पण चूक दिसल्यावर लगेच मोरी फोडली. सांगणाऱ्याला कुठेतरी उभं राहायला जागा लागते. माझी जागा त्या 'लगेच'वर होती.

यंदा दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी शलाकाचा फोन आला. ती आता एव्हरशाईन सिटीत राहते, स्टेशनच्या पलीकडे. तिच्या मुलीला ताप होता.

"काका, बाबा स्टुलावर चढलेत. मी फोन केला तर म्हणाले, हात वर आहे, नंतर बोल. डोळ्यांचं ऑपरेशन होऊन महिना नाही झाला. रंगारी पाठवला तर त्याला शिकवून हाकलून दिला. तुम्ही जाऊन जरा बघता का?"

"माझं ऐकतील?"

"नाही ऐकणार. पण तुमच्याशी भांडायला खाली तरी उतरतील."

मी अठरा पायऱ्या उतरलो. दार उघडं होतं. परब स्टुलाच्या दुसऱ्या पायरीवर भिंतीला हात टेकून उभे होते. ब्रशमधून रंग त्यांच्या मनगटावर ओघळत होता.

"काय पेपरवाले? पुरावा बघायला आलात?"

"उतरा. मी मारतो."

"तुम्ही? तुम्हाला सांधे भरता येतात. छत येत नाही."

"तुम्ही सांगा, मी करतो."

त्यांनी माझ्या हातांकडे बघितलं. मग उतरले. ब्रश दिला नाही, डब्यावर ठेवला. मी तो उचलला.

"चौकटीच्या आत एक थेंब गेला तर बघा."

पलंग आता तिथे नाही. तिथे त्यांची खुर्ची आहे. ते खुर्चीत बसले आणि खालून सूचना देऊ लागले. भिंतीकडून खिडकीकडे. ब्रश आडवा नको. एवढा भिजवू नका, पाकातली मिठाई नाही ती. तासाभरात माझी मान आखडली. चौकटीजवळ आलो तेव्हा मी खिशातून चिकटपट्टी काढली आणि लाकडाच्या कडेला चारी बाजूंनी लावायला घेतली. कड सरळ यावी म्हणून. व्हिडिओतली युक्ती.

त्या वेळी माझा चेहरा त्या डागापासून वीतभर अंतरावर होता. आठ वर्षांत पहिल्यांदा मी तो नीट पाहिला.

निळा रंग आता फिका, राखाडीकडे झुकलेला. आणि त्यात पेन्सिलच्या रेघा. एकात एक, वाढत गेलेल्या, जशा लाकडाच्या ओंडक्यात असतात. प्रत्येक रेघेला बारीक अक्षरांत नाव. सगळ्यात आतल्या, बोराएवढ्या वर्तुळाला, 'शलू साखरपुडा'. त्याच्या बाहेर 'दिवाळी'. मग 'देवदिवाळी'. मग 'नाताळ'. मग 'संक्रांत'. मग 'शिवरात्र'. शेवटची रेघ परातीएवढी. तिच्यावर 'होळी'.

त्याच्या बाहेर रेघ नव्हती.

चौकटीच्या चार कोपऱ्यांशी चार भोकं होती, आगपेटीच्या काड्या घालून बुजवलेली.

"ही भोकं कसली?" मी विचारलं.

"हुकांची."

"कसले हुक?"

"प्लास्टिकच्या कागदाचे. पाणी तिच्या उशीवर पडायचं. मग कागद बांधला, मधे नळी लावली, नळी खिडकीतून बाहेर काढली. पलंग हलवू म्हटलं, तर तिला खिडकी सोडायची नव्हती. चांगली युक्ती होती. एक थेंब पडला नाही नंतर."

मी स्टुलावर उभा होतो. हातातल्या ब्रशवरचा रंग सुकायला लागला होता.

"रेघा तुम्ही मारल्यात?"

"मारायचो मी. सांगायची ती. आज वाढलं, मारा रेघ. चर्चची घंटा वाजली की नाताळ, खाली पोरं पतंगाला भांडली की संक्रांत. तिला दिवस तसेच कळायचे."

"होळीपर्यंत?"

"होळीला तुमचा गवंडी आला ना. हातोड्याचा आवाज आला तशी म्हणाली, झालं, आता नका मारू."

मला आता सगळं क्रमाने आठवलं. दिवाळीचे पाहुणे. मग गवंडी गावाला गेला होता. मग लाद्यांचा रंग विद्याला पसंत नव्हता. मग थंडी होती आणि शेजारी आंघोळीला जायचं जिवावर आलं होतं. प्रत्येक कारण खरं होतं. टूथपेस्ट भोकात बसते तसं ते एकेक आपापल्या जागी नीट बसलं होतं.

"माझ्या डोक्यात होतं की मी लगेच फोडली," मी म्हणालो.

"असेल," परब म्हणाले. "लिहून कुठे घेतलं होतं तेव्हा."

मी चिकटपट्टी लावली. चौकटीच्या भोवती ब्रश फिरवला, एक हात, सुकू दिला, दुसरा हात. आत काही जाणार नाही म्हणून डावा तळवा लाकडाला लावून धरला. संपल्यावर पट्टी सावकाश ओढून काढली. कड सरळ आली होती.

"झालं?"

"झालं."

"आत लागलं?"

"नाही."

ते खुर्चीचा हात धरून उठले आणि चौकटीखाली येऊन उभे राहिले. मान वर केली. नव्या डोळ्यांनी ते एकेक रेघ शोधत होते, ओठ हलत होते. होळीपर्यंत आले असावेत. मग त्यांनी स्टूल घट्ट धरलं, मला उतरता यावं म्हणून.

"उतरा," ते म्हणाले. "ब्रश मी धुतो. जेवायला थांबू नका."